ध्रुवावरच्या नोंदवहीचे वारसदार

अभ्यासशिबिर ही गोष्ट ह्या साप्ताहिकाच्या वाचकांना समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. उन्हाळ्याच्या सुटीत चार-आठ दिवस एकत्र राहावे, सकाळी व्याख्यान, दुपारी गटचर्चा, रात्री अंगणात गप्पा व्हाव्यात आणि त्यातून पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचे कार्यकर्ते घडावेत, हा आपल्या नित्याच्या अनुभवातला प्रकार आहे. व्याख्यानात सांगितलेले पुष्कळसे पुढे विसरले जाते. परंतु ज्येष्ठांच्या सहवासात कामाची जी रीत अंगवळणी पडते ती सुटत नाही. विज्ञानाच्या क्षेत्रातही हेच खरे आहे. म्हणूनच कॅनडात ध्रुवीय वातावरणशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी भरवण्यात आलेल्या उन्हाळी शिबिरांची, आणि ज्या वेधशाळेच्या आधारावर ते विद्यार्थी तयार होत होते तिच्या नशिबी आलेल्या परवडीची हकीकत आपण समजून घेतली पाहिजे. विषय दूरच्या बर्फाळ प्रदेशाचा आहे. परंतु सार्वजनिक ज्ञानाचा खर्च कोणी उचलायचा आणि किती काळ उचलायचा, हा त्याच्या गाभ्याचा प्रश्न आपल्या दाराशीही उभा आहे.

कॅनडाच्या अगदी उत्तर टोकाला एल्समिअर नावाचे बेट आहे. त्यावर ८० अंश उत्तर अक्षांशावर युरेका हे हवामानकेंद्र १९४७ साली उभे राहिले. तेथून सुमारे १५ किलोमीटर अंतरावर, डोंगराच्या माथ्यावर, ओझोन वायूच्या अभ्यासासाठी १९९० च्या दशकाच्या आरंभी एक वेधशाळा बांधण्यात आली. २००५ पासून विद्यापीठांतील शास्त्रज्ञांच्या एका गटाने ती हाती घेतली व तिला ‘पर्ल’ हे नाव मिळाले. तेथे हिवाळ्यात सुमारे चार महिने सूर्य उगवत नाही. अशा ठिकाणी दिवसरात्र उपकरणे चालू ठेवणे, भिंगांवरचे हिम झाडणे, नोंदी तपासणे हे काम यंत्र एकट्याने करीत नाही. ते माणसालाच करावे लागते, आणि असा माणूस पुस्तक वाचून तयार होत नाही.

हा माणूस तयार व्हावा म्हणून टोरांटो विद्यापीठाच्या पुढाकाराने कॅनडातील अनेक विद्यापीठांनी २०१० पासून एक प्रशिक्षण कार्यक्रम चालवला. त्यासाठी पैसा दिला तो त्या देशाच्या सरकारी संशोधन परिषदेने. उन्हाळी शिबिर हा त्या कार्यक्रमाचा महत्त्वाचा भाग होता. अशा शिबिरांत वेगवेगळ्या विद्यापीठांतून आलेली पदव्युत्तर मुले-मुली एकत्र येतात. सूर्याचे किरण बर्फावरून किती परावर्तित होतात, ध्रुवावरचे ढग उष्णता कशी अडवतात, युरोप-आशियातील कारखान्यांचा धूर हिवाळ्यात उत्तरेकडे जाऊन आर्क्टिकवर धुरकट पडदा कसा पसरतो, उपग्रहाने दिलेला आकडा आणि जमिनीवरच्या उपकरणाने दिलेला आकडा ह्यांत तफावत का येते, हे सारे तेथे शिकवले जाते. पुढे ह्यांपैकी काही विद्यार्थी प्रत्यक्ष युरेकाला जातात. कॅनडाने २००३ साली सोडलेल्या एका उपग्रहाची मोजमापे पडताळून पाहण्यासाठी २००४ पासून तेथे वसंत ऋतूत मोहिमा काढण्यात येऊ लागल्या. सूर्य नुकताच क्षितिजावर डोकावू लागला असताना, हाडे गोठवणाऱ्या थंडीत ही मुले उपकरणांपाशी उभी असतात. शिबिरात मिळालेल्या दीक्षेची खरी परीक्षा तेथे होते.

ह्या मोजणीची एवढी मातब्बरी कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर इतिहासाने दिलेले आहे. १९५७-५८ च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्षाच्या निमित्ताने ब्रिटिशांनी अंटार्क्टिकावर हॅली हे केंद्र स्थापन केले आणि तेथे एका साध्या उपकरणाने आकाशातील ओझोनची मोजणी सुरू केली. वर्षानुवर्षे ह्या आकड्यांतून वर्तमानपत्रात छापावे असे काही निघाले नाही. मोजणारी माणसे बदलत गेली, वही तीच राहिली. १९८५ साली जो फार्मन, ब्रायन गार्डिनर आणि जोनाथन शँकलिन ह्या तिघांनी त्या वहीच्या आधारे जगाला सांगितले की, ऑक्टोबर महिन्यातील ओझोनचे प्रमाण सुमारे ३०० एककांवरून २०० च्या आसपास उतरले आहे. अमेरिकेच्या उपग्रहानेही ही घट टिपलेली होती. परंतु इतके कमी आकडे संशयास्पद मानून बाजूला काढण्यात आले होते. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाची नोंद पुढे आली तेव्हा उपग्रहाचे आकडेही जागे झाले.

शीतकपाटांत आणि फवाऱ्यांच्या डब्यांत वापरली जाणारी क्लोरोफ्लुरोकार्बन रसायने ओझोनला घातक ठरू शकतील, असा इशारा मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड ह्यांनी १९७४ सालीच दिला होता. त्या रसायनांचे उत्पादक तो वर्षानुवर्षे नाकारीत आले. ध्रुवावर हिवाळ्यात उंच आकाशात उणे ७८ अंशांच्या खाली तापमान गेले की विशिष्ट प्रकारचे ढग तयार होतात. त्या ढगांतील कणांच्या पृष्ठभागावर क्लोरीन मोकळे होण्याची तयारी होते आणि वसंतात सूर्यप्रकाश येताच ते ओझोनचा फडशा पाडते. ही प्रक्रिया उलगडल्यावर नाकारणाऱ्यांचा निरुपाय झाला. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रिअलचा करार झाला, १९८९ पासून तो अमलात आला आणि पुढे जगातील सर्व राष्ट्रांनी तो मान्य केला. अंटार्क्टिकावरील ओझोन १९८० च्या पातळीवर २०६६ च्या सुमारास व आर्क्टिकवरील २०४५ च्या सुमारास परत येईल, असा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या यंत्रणांनी २०२२ च्या मूल्यमापनात व्यक्त केला. मक्तेदार उद्योगांवर सार्वजनिक हिताने मिळवलेला हा विसाव्या शतकातील एक ठळक विजय आहे, आणि त्याच्या मुळाशी एक कंटाळवाणी वाटणारी नोंदवही आहे.

करारावर सह्या झाल्या म्हणून पहारा उठवून चालत नाही, हेही पुढे दिसून आले. बंदी घातलेल्या ‘सीएफसी-११’ ह्या रसायनाचे हवेतील प्रमाण अपेक्षेइतक्या वेगाने घटत नाही, हे २०१८ साली हवेच्या नियमित मोजणीतून उघडकीस आले. २०१९ साली कोरिया व जपान येथील केंद्रांच्या नोंदींवरून त्याचा मोठा वाटा पूर्व चीनमधून येत असल्याचे सिद्ध झाले. त्यानंतर हे उत्सर्जन खाली आले. चोरी पकडली गेली, कारण पहारेकरी जागा होता.

आता युरेकाकडे वळू. २०११ च्या वसंतात आर्क्टिकवर ओझोनचा अभूतपूर्व ऱ्हास झाला. १८ ते २० किलोमीटर उंचीच्या थरातील ८० टक्क्यांहून अधिक ओझोन नष्ट झाला. जो प्रकार दक्षिण ध्रुवापुरताच आहे असे समजले जात होते तो उत्तरेतही घडू शकतो, हे त्या वर्षी स्पष्ट झाले. अशा वेळी कोणतेही शहाणे सरकार वेधशाळेची मोजणी वाढवील. घडले ते उलट. वातावरणविज्ञानाला साहाय्य करणाऱ्या ज्या सार्वजनिक प्रतिष्ठानाच्या पैशावर पर्ल चालत होती, त्याचा निधी स्टीफन हार्पर ह्यांच्या सरकारने पुढे चालू ठेवला नाही. वेधशाळा वर्षभर चालवण्यास सालीना सुमारे १५ लाख डॉलर लागत. ते मिळाले नाहीत. ३० एप्रिल २०१२ नंतर तिचे बारमाही काम थांबले, आणि अधूनमधून काढायच्या मोहिमा तेवढ्या उरल्या. विद्यार्थी घडवण्याचा कार्यक्रम चालू होता, शिबिरे चालू होती. आणि ज्या कामासाठी हे सारे करायचे त्या कामाला टाळे लागले होते. आपल्याकडे शिक्षक घडवणारी विद्यालये चालू असतात आणि शाळांतील जागा मात्र वर्षानुवर्षे भरल्या जात नाहीत, त्या प्रकाराशी ह्याचे साम्य वाचकांच्या ध्यानात येईल.

ह्याच काळात ते सरकार केंब्रिज बे येथे एक भव्य नवे आर्क्टिक संशोधन केंद्र बांधण्याच्या घोषणा करीत होते. त्यासाठी कोट्यवधी डॉलरांची तरतूद होती. हे ठिकाण युरेकापासून हजार किलोमीटरहून अधिक दक्षिणेला आहे. ध्रुवीय रात्रीचे आणि ओझोनच्या ऱ्हासाचे जे निरीक्षण ८० अंशांवरून होते ते तेथून होऊ शकत नाही. नव्या केंद्राला आमचा आक्षेप नाही. परंतु सत्ताधाऱ्यांना कोनशिलेचे प्रेम असते आणि दरमहाच्या पगाराचा कंटाळा असतो, हा जगभरचा अनुभव तेथेही आला. इमारतीचे उद्घाटन करता येते, फीत कापता येते, छायाचित्र छापून येते. सत्ताविसाव्या वर्षीही त्याच उपकरणाने तीच मोजणी केली, ह्याचे उद्घाटन होत नाही.

कॅनडातील शास्त्रज्ञांनी हे मुकाट्याने सोसले नाही, ही त्यांच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट आहे. १० जुलै २०१२ रोजी शेकडो संशोधक व विद्यार्थी प्रयोगशाळेतील पांढरे अंगरखे घालून ओटावाच्या रस्त्यावर उतरले आणि ‘पुराव्याची अंत्ययात्रा’ काढून त्यांनी संसदेवर मोर्चा नेला. ज्यांची हयात उपकरणांपाशी गेली ती माणसे घोषणा देत रस्त्यावर आली. पुढे मे २०१३ मध्ये सरकारला एक नवी योजना जाहीर करून पर्लला पाच वर्षांसाठी सुमारे ५० लाख डॉलर द्यावे लागले. वेधशाळा पुन्हा सुरू झाली.

परंतु गोष्ट येथे संपत नाही आणि तिचा खरा धडा ह्यापुढेच आहे. २०१५ साली कॅनडात सत्तांतर झाले. विज्ञानाचा कैवार घेण्याचे वचन देऊन नवे सरकार आले. आणि त्याच सरकारच्या २०१७ च्या अंदाजपत्रकात ती योजना पुढे चालवण्याची तरतूद नव्हती! पुन्हा पत्रके, पुन्हा निवेदने, पुन्हा ओरड. तेव्हा नोव्हेंबर २०१७ मध्ये १६ लाख डॉलरांची तात्पुरती मदत जाहीर झाली, तीही २०१९ पर्यंतचीच. म्हणजे दोष एका पंतप्रधानाच्या लहरीचा एवढाच नव्हता. दीर्घकाळ चालणारे सार्वजनिक काम चार-पाच वर्षांच्या ‘प्रकल्पां’च्या तुकड्यांत बांधायचे आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी शास्त्रज्ञांना हातात झोळी घेऊन उभे करायचे, ह्या पद्धतीचाच तो दोष आहे. सत्ताधारी बदलले तरी पद्धत शाबूत राहते. कंत्राटी कामगाराचे आयुष्य कसे असते हे आपण जाणतो. ह्या पद्धतीत वेधशाळाही कंत्राटी होते, आणि शिबिरातून नुकताच बाहेर पडलेला विद्यार्थी तर दुप्पट कंत्राटी होतो.

२०२० च्या वसंतात आर्क्टिकवर पुन्हा तशाच तीव्रतेचा ओझोन-ऱ्हास झाला. त्या वेळी युरेकाच्या वीस वर्षांच्या नोंदी हाताशी होत्या, म्हणून २०११ शी त्याची तुलना करता आली. वेधशाळा कायमची बंद पडली असती तर हे जमले नसते. मंदिर उशिरा बांधले तरी चालते, रस्ता उशिरा झाला तरी लोक वाट काढतात; पण ह्या वर्षी न मोजलेली हवा पुढच्या वर्षी कितीही पैसा ओतला तरी मोजता येत नाही. मोजणाऱ्या माणसांची साखळीही अशीच आहे. एक पिढी कामाविना पांगली की तिच्याबरोबर तिचे हस्तगत कौशल्य जाते, आणि नव्या पिढीला शिकवायला शिबिरात कोणी उरत नाही.

ह्या प्रश्नाची दुसरी बाजू न्यायाची आहे. आर्क्टिक हा निर्मनुष्य प्रदेश नाही. तेथे इन्युइट लोकांची वस्ती हजारो वर्षांची आहे. १९५० च्या दशकात कॅनडाच्या सरकारने क्वेबेकच्या उत्तरेकडील इन्युइट कुटुंबे दीड-दोन हजार किलोमीटर दूर, ग्रीस फिऑर्ड आणि रेझोल्यूट येथे नेऊन वसवली. दोन वर्षांनी परत जाता येईल असे दिलेले वचन पाळले गेले नाही. त्या ओसाड भूमीवर देशाचे सार्वभौमत्व दाखवण्यासाठी माणसांचे झेंडे रोवले गेले, असे त्याचे वर्णन पुढे करण्यात आले. सरकारने त्याबद्दल माफी मागितली ती २०१० साली. ह्याच इन्युइट मातांच्या दुधात औद्योगिक देशांतील विषारी रसायनांचे प्रमाण दक्षिणेकडील शहरांतल्या मातांपेक्षा कितीतरी अधिक असल्याचे १९८० च्या दशकात आढळले. ती रसायने त्यांनी वापरली नव्हती. हवेने आणि समुद्राने ती त्यांच्यापर्यंत पोहोचवली होती. सील आणि व्हेल ह्यांच्या चरबीत ती साठली आणि अन्नातून माणसांत आली. शीला वॉट-क्लुटिअर ह्यांच्यासारख्या इन्युइट नेत्यांनी हा प्रश्न जागतिक व्यासपीठावर लावून धरला, आणि २००१ साली अशा रसायनांवर बंधने घालणारा स्टॉकहोमचा करार झाला. हवा साऱ्यांची असते हे खरे. पण धूर सोडणारा एक आणि तो भोगणारा दुसरा, ही विषमता हवेतही उतरते. १९७९ ते २०२१ ह्या काळात आर्क्टिक प्रदेश पृथ्वीच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला. त्याचा पहिला घाव कोणावर पडतो हे सांगायला नको. म्हणून ध्रुवीय विज्ञानाच्या शिबिरात त्या भूमीच्या मुला-मुलींना विद्यार्थी म्हणून आणि त्यांच्या वडीलधाऱ्यांना शिक्षक म्हणून स्थान मिळाले पाहिजे. बर्फाचा आवाज ऐकून त्याची जाडी ओळखणारा शिकारी हा काही कमी दर्जाचा निरीक्षक नव्हे.

काही मित्र विचारतील, की आपल्या भुकेल्या देशाला हे कशासाठी? हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला प्रामाणिक उत्तर दिले पाहिजे. भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम ह्यांच्या नेतृत्वाखाली ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली आणि ९ जानेवारी १९८२ रोजी तेथे पोहोचली. आज मैत्री व भारती ही आपली दोन केंद्रे अंटार्क्टिकावर आहेत. २००८ पासून आर्क्टिकमध्ये स्वालबार्ड येथे हिमाद्री हे केंद्र आहे, आणि डिसेंबर २०२३ मध्ये तेथे पहिली हिवाळी मोहीम गेली. ह्या साऱ्याचा कारभार गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय संस्था पाहते. आणि ह्या विद्येचे एक मूळ पुण्यात आहे. हवामानखात्यातील अॅना मणी ह्यांनी हवामानाची उपकरणे देशातच बनवण्याचा ध्यास घेतला. फुग्याला बांधून आकाशात सोडायचे ओझोनमापक भारतात १९६० च्या दशकात तयार झाले ते त्यांच्या पुढाकाराने. परदेशी उपकरणावर अवलंबून राहणारा देश परदेशी आकड्यांवर अवलंबून राहतो, हे त्यांनी ओळखले होते. ध्रुवावरील बर्फ आणि आपला मोसमी पाऊस ह्यांच्या संबंधाचा अभ्यास आपले शास्त्रज्ञ करीत आहेत. तो संबंध नेमका किती आणि कसा, ह्यावर अजून एकमत नाही. पण ज्या देशाची निम्मी शेती आभाळाकडे डोळे लावून बसते, त्याने हा प्रश्न इतरांवर सोपवून स्वस्थ बसावे काय?

तेव्हा भुकेच्या नावाने विज्ञानाला विरोध करण्याऐवजी विज्ञान कोणाच्या हाती आणि कोणासाठी, हा प्रश्न आपण विचारला पाहिजे. पहिली मागणी अशी, की हवा, पाऊस, समुद्र आणि बर्फ ह्यांच्या दीर्घकालीन नोंदी ठेवणाऱ्या केंद्रांचा खर्च प्रकल्पनिधीतून न करता अंदाजपत्रकातील कायम तरतुदीतून व्हावा. रेल्वेचा सिग्नल पाच वर्षांच्या योजनेवर चालत नाही. दुसरी, संशोधक विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती वेळेवर मिळावी. महिनोन् महिने थकलेल्या शिष्यवृत्तीसाठी ज्यांना आंदोलन करावे लागते, त्यांच्यापैकी गरीब घरचा मुलगा प्रथम गळतो आणि त्याच्याही आधी मुलगी गळते. तिसरी, अशा विषयांची शिबिरे आपल्याकडे नियमित भरावीत आणि त्यांतील जागा मोजक्या नामांकित संस्थांपुरत्या न राहता जळगाव, परभणी, गडचिरोली येथील महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांसाठीही प्रवासखर्चासह राखून ठेवाव्यात. चौथी, सार्वजनिक पैशाने घेतलेली प्रत्येक नोंद सर्वांना विनामूल्य मिळावी.

बाजार हे काम करणार नाही. ओझोनची मोजणी करून कोणाला नफा मिळत नाही. ती न केल्याने मात्र काहींना मिळत होता. २०२५ साली अमेरिकेच्या शासनाने आपल्या सागरी व वातावरणीय संस्थेचा संशोधन विभागच मोडीत काढण्याचा प्रस्ताव मांडला, ह्यावरून वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे हे दिसते. अशा वेळी कॅनडातील त्या विद्यार्थ्यांचे उदाहरण आपल्या तरुण कार्यकर्त्यांनी समोर ठेवावे. ते शिबिरात मोजायला शिकले, चार महिन्यांच्या रात्रीत ज्याची निगा राखावी लागते अशा कामावर गेले, आणि त्या कामाला टाळे लागले तेव्हा त्यांच्या क्षेत्रातील माणसे रस्त्यावरही उतरली. आपल्या तालुक्याच्या पर्जन्यमापकाची नोंद कोण घेतो, ती नियमित होते काय, गावकऱ्यांना ती पाहायला मिळते काय, एवढी चौकशी आपल्या प्रत्येक शाखेने ह्या पावसाळ्याआधी केली तरी कामाला सुरुवात झाली असे म्हणता येईल.